थांबा म्हटल्यावर

"हात लावू का?"

"लावा."

"आधी डावा पाय घेते. टाचेपासून सुरू करते. नको वाटलं तर..."

"थांबा," मास्तर म्हणाले.

बाईंचे हात अजून लागलेही नव्हते, तरी त्यांनी ते उचलले आणि मास्तरांना दिसतील असे हवेत धरले. मास्तर मिशीत हसले.

"तुम्ही बोलणार होती. म्हणून मी आधी बोललो."

"बरे आहात! मला वाटलं, खरंच दुखलं."

"करा, करा."

थट्टा झाली तरी नियम तो नियम. 'थांबा' म्हटलं की बाईंचे हात उठायचे आणि 'करा' ऐकल्याशिवाय परत टेकायचे नाहीत. मधे कितीही वेळ जावो. एकदा एक आजी 'थांबा' म्हणून झोपी गेल्या होत्या आणि बाई त्यांच्या जागं होण्याची वाट बघत तशाच बसून राहिल्या होत्या. हात भरून आले, पण टेकवले नाहीत.

जुन्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर हे केंद्र होतं. आपल्या देशात छळ सोसून, जीव वाचवून इकडे आलेल्या माणसांवर तिथं उपचार व्हायचे. मन बघायला म्हातारे डॉक्टर होते आणि शरीर बघायला बाई. खरं तर बाई अख्ख्या अंगाचा व्यायाम घ्यायच्या, पण येणाऱ्यांतल्या बहुतेकांचं दुखणं तळपायात असायचं, त्यामुळे त्यांचं नाव पडलं पायवाल्या बाई. माणसाला मारायचं पण खूण ठेवायची नाही, असं ज्यांना साधायचं असतं, ते तळपाय निवडतात. वरून मोजा आणि बूट चढवला की सगळं साळसूद. आत टाचेची गादी फुटलेली असते आणि पुढे आयुष्यभर प्रत्येक पाऊल हाडावर पडतं.

म्हणून केंद्राची रीतच निराळी होती. दाराला घंटा नव्हती. पांढरा कोट कुणी घालत नसे. खाट अशी मांडलेली की झोपणाऱ्याला दार दिसावं, आणि त्याच्या पाठीमागे कुणी म्हणजे कुणी उभं राहायचं नाही. हात लावायच्या आधी बाई ते कोमट पाण्यात धरायच्या, कारण गार हात अचानक लागला की काही माणसं या खोलीतून थेट त्या खोलीत जाऊन पोचायची.

मास्तर तिकडे शिंपी होते. कात्री धरणारा माणूस कुठल्याही देशात मास्तरच. पहिल्यांदा आले ते तापलेल्या तव्यावर चालल्यासारखे, पावलांच्या बाहेरच्या कडांवर तोल सांभाळत. पायाने चालवायचं मशीन जन्मभर चालवलेला माणूस, आता पायडलवर पाऊल ठेवलं तरी डोळ्यांतून पाणी यायचं. "पाय परत मशीनवर बसला की मी माणूस," असं ते म्हणायचे. बाईंनी त्यांना पहिल्याच दिवशी 'थांबा' हा शब्द शिकवला होता. पण मास्तर कितीतरी आठवडे तो उच्चारेनात. दात आवळायचे, घामाने भिजायचे, आणि विचारलं की हसून मान हलवायचे. तिकडे हा शब्द त्यांनी त्यांच्या भाषेत किती वेळा म्हटला असेल आणि त्यावर काय झालं असेल, हे बाईंनी विचारलं नाही. ते न विचारताही कळण्यासारखं होतं.

मग एके दिवशी टाचेपाशी अंगठा दाबत असताना अगदी बारीक आवाजात आलं, "थांबा."

बाईंनी हात उचलले. मास्तरांनी त्या हातांकडे पाहिलं, बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. काहीच झालं नाही. कुणी ओरडलं नाही, कुणी हसलं नाही. मग पंचावन्न वर्षांचा तो माणूस टॉवेलमध्ये तोंड घालून लहान पोरासारखा रडला. रडून झाल्यावर डोळे पुसून म्हणाला, "करा."

त्या दिवशी घरी गेल्यावर बाईंच्या घशाखाली घास उतरला नाही. आनंदानेही असं होतं, हे त्यांना तेव्हा कळलं.

त्यानंतर मास्तर त्या शब्दाच्या प्रेमातच पडले. वाचायला शिकत होते. खिडकीखालच्या बसच्या पाटीवर तोच शब्द दिसला तेव्हा त्यांना कोण हर्ष झाला!

"बाई, बस पण ऐकतो?"

"पाटी आहे म्हणून सगळ्याच थांबतात असं समजू नका हो. भरलेली असली की ड्रायव्हर मान वळवून चालता होतो."

"आणि माझा अर्ज, तो पण थांबाचा. वकील बोलला, इथं थांबायची परवानगी. पाय थांबा, बस थांबा, देश पण थांबा! एक शब्द किती काम करतो."

"काटकसरी भाषा आहे आमची. एकाच भांड्यात सगळं शिजवते."

केंद्र अनुदानावर चालायचं, आणि अनुदान या शब्दात 'दान' आहे. त्यामुळे देणाऱ्याने हात आखडला तर घेणाऱ्याला तक्रारीची सोय राहत नाही. म्हातारे डॉक्टर कपभर चहा पुढ्यात घेऊन बसले होते आणि तो पीत नव्हते. त्यावरूनच बाईंनी ओळखलं.

"अनुदान बंद झालं," ते म्हणाले. "महिनाअखेर आपण गाशा गुंडाळायचा."

"आणि आपली माणसं?"

"ज्यांना राहायची परवानगी मिळालीय, त्यांना सरकारी दवाखाना. ज्यांचा निकाल लागायचाय, त्यांना निकाल लागेपर्यंत..." डॉक्टर थांबले.

"लागेपर्यंत काय?"

"काही नाही. नवा नियम आहे. परवानगी नाही तर उपचार नाहीत. आणि ज्यांना नकार मिळेल ते छावणीत, परत पाठवेपर्यंत."

"अहो पण उपचार नसतील तर परवानगीच्या मुलाखतीत हे बोलणार कसे? आणि बोलले नाहीत तर परवानगी मिळणार कशी?"

"आधी विहीर खणून दाखवा, मग पाणी पाजतो, असं आहे ते," डॉक्टर म्हणाले. "आणखी एक. मुलाखतीला मी बरोबर बसायचो ना, तेही बंद. आत आता कुणालाच सोडत नाहीत. दुभाषीसुद्धा फोनवरून. मास्तरांची मुलाखत पुढच्या आठवड्यावर आणलीय."

बाईंना त्या क्षणी स्वतःच्या नोकरीची काळजी वाटली नाही असं नाही. वाटली. पण ती दुसऱ्या क्रमांकावर होती, आणि पहिल्या क्रमांकावर मास्तरांची उजवी टाच होती. डावी बरीच सुधारली होती. उजवी आणखी तीन-चार महिने मागत होती.

घरी आई होती. वय वर्षं ब्याऐंशी, कानाने अधू, जिभेने धडधाकट. बाईंचं लग्न जमलं नाही की त्यांनी जमवलं नाही, यावर आईची मतं रोज बदलायची. पण एक तक्रार कायम होती.

"जगाचे पाय रगडतेस आणि आईच्या पायाला भेगा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

"आई, केंद्र बंद होतंय."

"काय बंद होतंय?"

"केंद्र! माझं काम!"

आई म्हणाली, "आणि तो शिंपी? टॉवेल शिवून दिलेला?"

केंद्राच्या टॉवेलांचे दोरे निघाले होते, तेव्हा मास्तरांनी एकेक घरी नेऊन हाताने त्यांच्या कडा दुमडून आणल्या होत्या. त्यातला एक बाईंच्या पिशवीतून घरी आला होता. टाक्यांवर बोट फिरवून आईने तेव्हाच प्रमाणपत्र दिलं होतं की माणूस खोटा नाही.

"त्याचं काही ठरलेलं नाही."

"मग घरी बोलाव. बाहेरच्या खोलीत खाट आहे. मी स्वयंपाकघरात बसेन. मला तसंही काही ऐकू येत नाही."

बाईंनी आईकडे पाहिलं. कधी नव्हे ते त्यांनी आपणहून आईचे पाय मांडीवर घेतले.

"हात लावू का?" सवयीने तोंडातून निघून गेलं.

"मला काय विचारतेस? तुला जन्म दिलाय मी!"

असं ठरल्यावर बाईंना जरा हुरूप आला. मुलाखतीच्या आदल्या दिवशी मास्तर आले ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून, जणू मुलाखत आजच आहे.

"डॉक्टर आत नाही येणार," ते म्हणाले. "साहेब विचारेल. कोण होता, कशानं मारला, किती वेळ. मी बोलायला लागलो की मी तिकडे जातो बाई. परत यायला वेळ लागतो."

"लागू दे वेळ. घाई नाही कुणाला." बाई त्यांच्या टाचेखाली हात धरून बसल्या होत्या. "आणि अगदीच नको झालं तर काय म्हणायचं?"

"थांबा."

"हं. तेवढं म्हणायचं. दम घ्यायचा. मग पुढे."

मास्तरांचा चेहरा सैल झाला. जाताना जिन्यावरून त्यांनी तो शब्द दोनदा घोकला, पाठ केलेली कविता घोकावी तसा. बाईंना बरं वाटलं. आपण त्यांना रिकाम्या हाताने पाठवलं नाही, असं वाटलं.

दोन दिवसांनी मास्तर आले. शर्ट तोच, इस्त्री मोडलेली. खाटेवर न झोपता कडेला बसले.

"साहेब वाईट नाही," त्यांनी सांगितलं. "पाणी दिला. फोनमधला माणूस मात्र लांब. त्याच्या घरी मूल रडत होता. मी बोलतो खोलीचं, दांड्याचं, आणि मधे मूल रडतो. मग साहेबानं विचारलं, मारताना तुमचे पाय कुणी धरले होते?"

पाय धरणारा मास्तरांचा शेजारी होता, हे बाईंना माहीत होतं. त्यालाही तसं करायला लावलं होतं.

"मला श्वास येईना. मी बोललो, थांबा. फोनवाल्याला नाही, साहेबालाच बोललो. तुमच्या भाषेत. साहेबानं लगेच पेन खाली ठेवला. फोन बंद केला. मी बसलो. दम घेतला. मला वाटलं, ते पण बसेल." मास्तरांनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. "ते उठला. बोलला, ठीक आहे, तुम्ही जाऊ शकता. मी बोललो, करा, करा. पण दार उघडलं होतं. दुसरा माणूस आत आला होता."

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. पायांचं काम करणाऱ्या बाईला हा वाक्प्रचार नेहमी अतिशयोक्तीचा वाटायचा. त्या दिवशी त्यांनी खाटेची कड धरली.

निकाल यायला वेळ लागला नाही. वकिलाने वाचून दाखवलं: अर्जदाराने स्वतःहून मुलाखत थांबवली, पुढे सांगण्याची इच्छा दाखवली नाही, सबब परवानगी देता येत नाही. तळपायांबद्दल डॉक्टरांनी लिहिलेलं सगळं जोडलेलं होतं. पण पाय काही बोलत नाहीत, तोंडचंच हवं होतं.

बाई निकाल देणाऱ्या कार्यालयात गेल्या. गर्दीत उभ्या राहिल्या, खिडकीपाशी पोचल्या. खिडकीवरचा कारकून चष्मा पुसत होता. त्याने त्यांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं. त्याच्यावर चिडावं असं त्याच्यात काही नव्हतं, हीच मोठी अडचण होती.

"बाई, ते थांबा म्हणाले, म्हणून आम्ही थांबलो. जबरदस्तीने बोलायला लावलं असतं तर तुम्हीच आमच्या नावाने ओरडला असता."

"अहो, थांबा म्हणजे संपवा नव्हे! थांबायचं आणि वाट बघायची. ते करा म्हणेपर्यंत."

"तसं आमच्याकडे नाहीये."

"मग पुन्हा बोलवा त्यांना. मी सांगते त्यांना समजावून."

"पूर्वी दुसऱ्यांदा बोलवायचो. आता एकदाच." त्याने चष्मा चढवला आणि आवाज खाली आणला. "मला कळतंय तुमचं. पण माझ्या कळण्याचा काही उपयोग नाही इथं."

केंद्रात परतल्यावर बाई थेट डॉक्टरांच्या खोलीत गेल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "मी शिकवलं त्यांना. मी घालवलं."

"वेड्यासारखं बोलू नका. त्या शब्दाने तो माणूस उभा राहिला."

"शब्द मी अर्धाच दिला, डॉक्टर. थांबा त्यांना दिला, आणि पुढचं थांबणं माझ्याकडेच राहिलं. बाहेर ते कुणाकडे नसतं, हे सांगायला नको होतं का मी?"

डॉक्टरांनी खुर्ची पुढे सरकवली आणि बाई तिच्यावर बसून मनसोक्त रडल्या. डॉक्टर दाराकडे तोंड करून बसून राहिले. पाठीमागे उभं राहायचं नाही, हा नियम त्यांनी तेव्हाही पाळला.

घरी बोलवायचा बेत आता मोडलाच होता. छावणी बसने दिवसभराच्या वाटेवर होती आणि तिथं पायवाल्या बाई नव्हत्या. मास्तरांनी पत्ता म्हणून केंद्राचाच पत्ता दिला होता, त्यामुळे परवानगी देणाऱ्या खात्याची गाडी त्यांना न्यायला तिथंच येणार होती. ती आली शेवटच्या दिवशी.

सकाळपासून सामान खाली जात होतं. खाट दुसऱ्या दवाखान्याने नेली होती. कपाटं गेली, पडदे गेले, भिंतीवर पडद्यांच्या जागी पांढरे पट्टे राहिले. बाईंनी एक खुर्ची, एक घमेलं आणि एक टॉवेल मागे ठेवायला लावला होता. हमाल कुरकुरले, पण ठेवलं.

"या मास्तर. आज खुर्चीतच."

खुर्ची त्यांनी दाराकडे तोंड करून मांडली. मास्तरांनी बाजूला पिशवी ठेवली आणि बूट काढले. बाईंनी बुटांत नव्या गाद्या घातल्या, स्वतः कापलेल्या, टाचेपाशी दुहेरी. छावणीत जमीन सिमेंटची आहे असं त्यांनी ऐकलं होतं.

"या झिजल्या की अशाच कापून घ्या. तुमच्या हातात कात्री आहे, माझ्यापेक्षा सुबक कापाल."

"तिथं कात्री देत नाही, बाई."

"हो. खरंच की." बाईंनी मान खाली घातली. टॉवेलची घडी जमिनीवर टाकून त्या बसल्या. टॉवेलला मास्तरांचीच शिवण होती. घमेल्यातल्या कोमट पाण्यात हात धरले, पुसले.

"हात लावू का?"

"लावा."

"उजवा घेते आज. टाचेपासून."

बाईंचा अंगठा टाचेच्या कडेने सावकाश फिरू लागला. डोळे मिटूनही त्यांना या टाचेतली प्रत्येक गाठ माहीत होती. कुठली हटवादी, कुठली समजूतदार. चार महिने मिळाले असते तर, हा विचार त्यांनी मनातून ढकलून दिला आणि तो परत आला. खाली गाडीचं दार वाजलं. डॉक्टर जिन्यात कुणाशी तरी बोलत होते, विनवत होते. मग पावलं वर आली.

"थांबा," मास्तर म्हणाले.

बाईंनी हात उचलले. "दुखलं?"

"नाही. दुखत नाही." मास्तर त्या वर धरलेल्या हातांकडे बघत होते. "नुसता बघितला. अजून चालतो का शब्द."

बाईंनी हात तसेच धरून ठेवले. मास्तरांनी डोळे मिटले आणि पाठ खुर्चीला टेकवली.

खात्याचा माणूस दारात येऊन उभा राहिला. दमलेला, जाडजूड, हातात किल्ल्या. त्याने खोली बघितली, अनवाणी माणूस बघितला, जमिनीवर हात वर करून बसलेली बाई बघितली.

"चला, आटपा. लांब जायचंय."

"थांबा," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "त्यांनी अजून करा म्हटलेलं नाही."

"काय?"

"त्यांनी थांबा म्हटलंय. ते करा म्हणतील. मग मी पाय पुरा करीन. मग तुम्ही न्या."

त्या माणसाला यातलं किती कळलं कोण जाणे. तो तोंड उघडणार होता, पण मागून डॉक्टरांनी त्याच्या दंडाला नुसता हात लावला. त्याने किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट धरला, वाजू नये म्हणून, आणि तो उंबऱ्याबाहेरच राहिला.

खोलीत कुणी हललं नाही. खाली एक बस आली, पाटीपाशी थांबली, माणसं उतरली, चढली आणि बस निघून गेली. मास्तरांचा श्वास हळूहळू लांब होत गेला. झोपले की काय, असं बाईंना वाटलं. झोपले असतील तर झोपू देत, त्यांनी मनाशी म्हटलं. खांदे भरून आले होते, पण हात त्यांनी खाली घेतले नाहीत.

बऱ्याच वेळाने मास्तरांनी डोळे उघडले. दारातल्या माणसाकडे पाहिलं. त्याने वाट बघितली, हे त्यांनी नीट बघून घेतलं.

"करा," ते म्हणाले.

एवढ्या वेळात हात गार पडले होते. बाईंनी ते पुन्हा कोमट पाण्यात घातले.